रेषा बाहेरच्यांनी आखली, पण गाव कशाने दुभंगले? कोरियाच्या फाळणीवर चर्चा

वर्धाकाठ (धागाकर्ता)

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात एक छोटे अभ्यासमंडळ चालते. निंदण-डवरणीचे दिवस सरले की संध्याकाळी काही मंडळी जमतात आणि एखादा विषय धरून दोन-तीन महिने वाचन करतात. सध्याचा विषय दुसऱ्या महायुद्धानंतर तुटलेल्या देशांचा आहे आणि त्यात कोरियावर आम्ही सर्वांत जास्त रेंगाळलो आहोत. "महासत्तांनी कोरिया तोडला, म्हणून तिथे युद्ध झाले," असे प्रत्येक बैठकीत कोणीतरी म्हणते. हे खोटे नाही. परंतु देश तोडल्यापासून युद्ध पेटेपर्यंतची पाच वर्षे या एका वाक्यात गडप होतात. माझ्या मते खरा प्रश्न त्या पाच वर्षांचा आहे आणि त्यावर इथल्या जाणकारांशी बोलावे म्हणून हा धागा काढतो.

आधी रेषेविषयी. १९१० पासून कोरिया जपानच्या ताब्यात होता. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान कोसळू लागला तेव्हा सोव्हिएत फौजा कोरियात शिरत होत्या आणि अमेरिकेचे सैन्य जवळपास कुठेही नव्हते. १० ऑगस्टच्या रात्री उशिरा वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलांनी नॅशनल जिओग्राफिकचा एक नकाशा समोर ठेवून सुमारे अर्ध्या तासात ३८ वे अक्षवृत्त सुचवले. राजधानी सेऊल अमेरिकेच्या वाट्याला यावी, एवढाच त्यामागचा हिशेब होता. सोव्हिएत बाजूने ते मान्य केले आणि कोणाही कोरियन माणसाला काही विचारले गेले नाही. जपानी सैन्याची शरणागती कोणी कुठे स्वीकारायची, यापुरतीच ती रेषा होती. अमेरिकन लष्कराच्या इतिहासात तिच्या परिणामांची नोंद आहे: तिने १२ नद्या, ७५ हून अधिक ओढे, १८१ गाडीवाटा, १०४ ग्रामीण रस्ते आणि ६ रेल्वेमार्ग कापले. ओंगजिन द्वीपकल्प दक्षिणेच्या वाट्याला आले, पण तिथे जमिनीवरून जाण्याची वाट उत्तरेतूनच होती. वीजनिर्मिती आणि हुंगनामचा खतकारखाना उत्तरेत राहिला, तर भाताची चांगली जमीन आणि बहुसंख्य माणसे दक्षिणेत राहिली. मे १९४८ मध्ये उत्तरेने दक्षिणेची वीज तोडली.

तरीही केवळ रेषेमुळे युद्ध होते, असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण आपल्या दारातच आहे. १८०३ च्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांकडून वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख काढून निजामाला देण्यात आला. त्यानंतर १९०३ पर्यंत नदीच्या दोन काठांवर वेगवेगळी राज्यव्यवस्था, वेगवेगळी महसूलपद्धत आणि वेगवेगळे हाकीम होते. पण काठावरच्या माणसाला "तू कोणत्या तत्त्वाचा?" असे कोणी विचारले नाही, आणि पलीकडचा सोयरा शत्रू ठरला नाही. कोरियात नेमके ते विचारले गेले.

१९४५ च्या कोरियात भांडणाला कारणे भरपूर होती. निम्म्याहून अधिक शेतकरी कुळे होती आणि निम्मे पीक किंवा त्याहूनही जास्त खंड म्हणून देत होती. जपानी राजवटीत पोलिसांत आणि कचेरीत कोणी चाकरी केली, कोणाची जमीन कशी वाढली, कोणाचा मुलगा कोणामुळे तुरुंगात गेला, हे प्रत्येक गावाला ठाऊक होते. ही सगळी भांडणे कोरियाची स्वतःची होती. महासत्तांनी त्यांना तीन गोष्टी पुरवल्या: एक नाव, एक शस्त्र आणि पाठीशी उभा राहील असा एक आश्वासक. खंडावरून चाललेल्या वादात दोन पायल्यांनी मागे-पुढे होता येते; पण तोच वाद साम्यवाद विरुद्ध स्वातंत्र्य असा मांडला गेला की मागे येणारा फितूर ठरतो.

याचा पहिला बळी मधला माणूस असतो, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. यो उन-ह्योंग हे डाव्या-उजव्यांना एकत्र आणण्याची खटपट करत होते. जुलै १९४७ मध्ये सेऊलमध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. उत्तरेत चो मान-सिक या राष्ट्रवादी ख्रिस्ती नेत्याला जानेवारी १९४६ मध्ये नजरकैदेत टाकले गेले आणि तो पुन्हा सुटला नाही. किम गू हे कट्टर साम्यवादविरोधी होते, तरीही दोन वेगळ्या सरकारांना विरोध म्हणून ते एप्रिल १९४८ मध्ये प्याँगयांगला बोलणी करायला गेले. जून १९४९ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याने त्यांच्या राहत्या घरात त्यांचा खून केला. १९५० साल उजाडण्यापूर्वीच दोन्ही बाजूंशी बोलू शकणारी माणसे अशी एकेक करून नाहीशी झाली होती.

आपली मते वाचायला आवडतील.

कास्तकार आर्वीचा

वर्धाकाठ भाऊ, मांडणी आवडली. पण एका ठिकाणी मला स्पष्ट मतभेद नोंदवावासा वाटतो. आपण सर्व दोष "परिस्थिती"वर टाकत आहात की काय, अशी शंका येते. २५ जून १९५० च्या पहाटे रणगाडे घेऊन रेषा ओलांडली ती उत्तर कोरियाच्या सैन्याने. उत्तरेचे नेते किम इल-सुंग मार्च-एप्रिल १९५० मध्ये मॉस्कोला गेले, स्टालिनने माओची संमती घेण्याच्या अटीवर होकार दिला, मे महिन्यात माओंनीही तो दिला, आणि मग योजना पक्की झाली. सोव्हिएत संघ कोसळल्यावर जे दस्तऐवज उघडे झाले, त्यांनी याबाबत संशयाला फारशी जागा ठेवलेली नाही. अनेक वर्षे आपल्याकडची काही मंडळी "दक्षिणेनेच आधी हल्ला केला" असे सांगत आली. ते आता टिकत नाही. युद्धाची मुळे शोधताना युद्ध सुरू करण्याचा निर्णय घेणारी माणसे विस्मरणात जाऊ नयेत.

वर्धाकाठ

आपला आग्रह रास्त आहे आणि मला तो पूर्ण मान्य आहे. हल्ला उत्तरेने केला आणि त्याला मॉस्कोची व पेकिंगची संमती होती. मी त्याला एवढेच जोडीन की किम यांना स्टालिनकडे जाऊन रणगाडे मागता आले, हीच मुळात नवी गोष्ट होती. दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांनाही उत्तरेवर चालून जायचे होते आणि ते तसे उघड बोलत असत. अमेरिकेने त्यांना रणगाडे दिले नाहीत, त्यामागे हीच भीती होती. १९४९ च्या उन्हाळ्यात केसोंग आणि ओंगजिनच्या बाजूला दोन्हीकडून चकमकी झाल्या आणि त्यांत शेकडो माणसे मेली. म्हणजे देश शस्त्राने एक करण्याची इच्छा दोन्ही राजधान्यांत होती. साधन आधी मिळाले ते एकीला.

आश्वासकाचे वजन किती असते, ते आणखी एका प्रसंगावरून दिसते. डिसेंबर १९४५ मध्ये मॉस्कोच्या बैठकीत कोरियावर पाच वर्षांपर्यंत चार राष्ट्रांची विश्वस्त-व्यवस्था ठेवण्याचे ठरले. स्वातंत्र्य आणखी लांबणार म्हणून प्रथम डावे-उजवे सगळेच संतापले. जानेवारी १९४६ च्या सुरुवातीला साम्यवादी पक्षाने एकाएकी भूमिका बदलली आणि विश्वस्त-व्यवस्थेला पाठिंबा दिला, कारण सोव्हिएत धोरण तसे होते. ज्या एका प्रश्नावर सारा देश एक होऊ शकला असता, त्याच प्रश्नावर तो उभा चिरला गेला.

पूर्णामाय

या विषयावर बोलताना आपण बहुधा सेनापती आणि राजधान्या यांच्याविषयीच बोलतो. मला गावांविषयी लिहायचे आहे, कारण दुभंगण्याचा खरा अर्थ तिथे कळतो.

चेजू बेटाचे उदाहरण घ्या. केवळ दक्षिणेत वेगळी निवडणूक घेण्याच्या विरोधात तिथे ३ एप्रिल १९४८ रोजी उठाव झाला. तो दडपायला पोलीस आणि लष्कर गेले, आणि त्यांच्याबरोबर 'वायव्य युवक संघा'चे तरुण गेले. हे तरुण उत्तरेतून पळून आलेल्या कुटुंबांतले होते. मार्च १९४६ मध्ये उत्तरेत जमीनदारांची जमीन विनामोबदला काढून कुळांना वाटली गेली; तेव्हा ज्यांचे घरदार गेले, त्यांपैकी अनेक जण दक्षिणेत आले होते. त्यांच्या मनातला राग खरा होता. तो राग त्यांनी अशा कोळ्यांवर आणि शेतकऱ्यांवर काढला, ज्यांनी त्यांची एक बिघाही जमीन घेतली नव्हती. पुढे झालेल्या सरकारी चौकशीने मृतांचा अंदाज २५ ते ३० हजार असा दिला आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांचे प्राण सरकारी बाजूच्या हातून गेले. राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्यून यांनी २००३ मध्ये बेटावर जाऊन त्याबद्दल माफी मागितली. तोपर्यंत पंचावन्न वर्षे त्या घरांतील माणसांना मोठ्याने रडण्याचीही सोय नव्हती.

दुसरे उदाहरण 'बोदो संघा'चे आहे. पूर्वी डाव्या संघटनांत असलेल्यांना "सुधारण्यासाठी" दक्षिणेच्या सरकारने १९४९ मध्ये हा संघ काढला. नावे भरण्याचे उद्दिष्ट ठरवून दिलेले असल्याने स्थानिक अधिकाऱ्यांनी राजकारणाशी काही संबंध नसलेल्या शेतकऱ्यांचीही नावे घातली, कुठे धान्याचे, कुठे खताचे आमिष दाखवून. युद्ध सुरू होताच त्याच याद्यांवरून हजारो माणसांना नेऊन मारण्यात आले. एखाद्या योजनेच्या यादीत आपले नाव कोणत्या कारणाने लागले, हे खेड्यातल्या माणसाला अनेकदा ठाऊक नसते. ही गोष्ट आपल्याला परकी नाही, म्हणून हे वाचताना मला फार अस्वस्थ वाटले.

सेऊल शहर नऊ महिन्यांत चार वेळा हातोहात गेले: जून १९५०, सप्टेंबर १९५०, जानेवारी १९५१ आणि मार्च १९५१. प्रत्येक वेळी नवा येणारा आधीच्या काळात कोणी कोणाला भात दिला याचा हिशेब मागत असे. देजॉन येथे जुलै १९५० मध्ये दक्षिणेच्या दलांनी राजकीय कैद्यांना सामूहिक ठार केले आणि सप्टेंबरमध्ये माघार घेणाऱ्या उत्तरेच्या दलांनी त्याच शहरात तेच केले.

आणि युद्ध थांबले तरी हे थांबले नाही. दक्षिणेत ज्याचा भाऊ किंवा काका उत्तरेत गेला, त्याला सरकारी नोकरी मिळणे अनेक दशके दुरापास्त होते. उत्तरेत तर पूर्वजांच्या वर्गावरून आजही माणसाचे शिक्षण आणि नोकरी ठरते. आईबापांच्या बाजूचा डाग लेकरांनी वाहावा, हे दोन्ही विचारसरणींना सारखेच पटले, याचा मला सर्वांत जास्त राग येतो.

सातपुडा पायथा

चर्चा चांगली चालली आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. जर्मनी तर याहून मोठा तुकडा होता, तिथे दोन्ही महासत्ता समोरासमोर होत्या, मग युद्ध कोरियातच का झाले? आणि ऑस्ट्रियाचे काय? १९४५ मध्ये त्याचेही चार तुकडे झाले होते आणि व्हिएन्ना शहरही चौघांनी वाटून घेतले होते.

जर्मनीबद्दल मला सुचणारे उत्तर असे: तिथे महासत्तांच्या फौजा स्वतः उभ्या होत्या. एक गोळी सुटली तर ती थेट अमेरिकन किंवा रशियन सैनिकाला लागणार होती, आणि ते दोघांनाही नको होते. १९४८-४९ मध्ये बर्लिनची नाकेबंदी झाली, पण कोणी गोळी झाडली नाही. कोरियातून मात्र सोव्हिएत सैन्य १९४८ च्या अखेरीस आणि अमेरिकन सैन्य जून १९४९ पर्यंत निघून गेले. मागे राहिली ती त्यांनी शिकवलेली, एकमेकांचे अस्तित्वच मान्य नसलेली दोन सरकारे. त्यात १२ जानेवारी १९५० रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अ‍ॅचिसन यांनी भाषणात अमेरिकेची संरक्षणरेषा सांगितली आणि तिच्यात कोरिया नव्हता. भांडण लावून देऊन निघून जाणे, हे राहण्यापेक्षाही घातक ठरले.

ऑस्ट्रियाचे उत्तर मात्र मला पूर्ण उमगलेले नाही.

वर्धाकाठ

सातपुडा पायथा, जर्मनीविषयीचा आपला तर्क मला पटतो. ऑस्ट्रियाविषयी मी थोडे वाचले आहे आणि मला ते या सर्व चर्चेतले सर्वांत आशादायक उदाहरण वाटते.

एप्रिल १९४५ मध्ये सोव्हिएत फौजांच्या छायेत कार्ल रेनर या जुन्या समाजवादी नेत्याने हंगामी सरकार बनवले आणि त्यात समाजवादी, पुराणमतवादी आणि साम्यवादी या तिघांनाही घेतले. पाश्चात्त्यांना प्रथम संशय आला. तरी ऑक्टोबरमध्ये त्यांनीही ते सरकार मान्य केले. नोव्हेंबरमध्ये चारही विभागांत मिळून एकच निवडणूक झाली. साम्यवाद्यांना १६५ पैकी ४ जागा मिळाल्या आणि रशियाने तो निकाल चालू दिला. परकी फौजा पुढे दहा वर्षे तिथे होत्या, तरी देशाचे सरकार एकच राहिले. १५ मे १९५५ रोजी करार झाला, फौजा निघाल्या आणि ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियाने कायमच्या तटस्थतेचा कायदा केला.

ऑस्ट्रियाचे नेते काही संत नव्हते. १९३४ मध्ये याच समाजवाद्यांत आणि पुराणमतवाद्यांत रस्त्यावर यादवी झाली होती, आणि पुढे नाझी राजवटीत दोन्ही पक्षांचे लोक एकाच छळछावणीत राहून आले होते. बाहेरचा माणूस आपल्या भांडणाचे काय करतो, हे त्यांनी अंगावर सोसले होते. कोरियात रेनरसारखी माणसे होती. यो उन-ह्योंग यांनी ऑगस्ट १९४५ मध्येच देशभर लोकसमित्यांचे जाळे उभे केले होते. ८ सप्टेंबरला अमेरिकन सैन्य इंचॉनला उतरले, पण त्यांच्या लष्करी प्रशासनाने त्या समित्यांना मान्यता दिली नाही आणि जपान्यांनी घडवलेले पोलीसदल जवळजवळ तसेच चालू ठेवले. उत्तरेत सोव्हिएत अधिकाऱ्यांनी समित्या ठेवल्या, परंतु त्यांतून आपल्याला नको असलेली माणसे काढून टाकली. दोन्हीकडे कोरियन माणसाच्या हाती काही उरले नाही.

उमरीचा वाचक

मी जमिनीच्या मुद्द्यावर येतो. १९५० च्या आसपास आपल्याकडेही तोच प्रश्न होता. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या भागांत मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या मालगुजाराची गावावरची मालकी, होती. जुन्या मध्य प्रदेश सरकारने १९५० चा कायदा करून ३१ मार्च १९५१ पासून ती संपवली. ज्या महिन्यात सेऊल चौथ्यांदा हातबदल होत होते, त्याच महिन्यात आपल्या गावांतल्या मालगुजाऱ्या गेल्या आणि कोणाचे डोके फुटले नाही. वर्धाकाठ यांचे म्हणणे यातून अधिक स्पष्ट होते, असे मला वाटते. प्रश्न तोच असला तरी त्याला परका वाली मिळाला नाही, तर तो विधानसभेत आणि कोर्टात सुटू शकतो.

कास्तकार आर्वीचा

उमरीकर, इथे थोडे सबुरीने घ्यावे. मालगुजारी गेली हे खरे. पण मालगुजारांना मोबदला मिळाला आणि सीर व खुदकाश्त म्हणून त्यांच्याकडे असलेली घरची शेती त्यांच्याकडेच राहिली. गावातली सर्वांत चांगली काळी जमीन बहुधा तीच होती. सालदाराला त्यातून काय मिळाले, हे त्याच्या नातवाला विचारावे. उत्तर कोरियात कुळाला १९४६ मध्ये एका फर्मानाने जमीन मिळाली, ही गोष्ट त्या काळच्या आशियातल्या लाखो भूमिहीनांना खोटी वाटत नव्हती, आणि साम्यवादाचे आकर्षण त्यातूनच आले. तीच जमीन पुढे १९५० च्या दशकात सामुदायिक शेतीत परत गेली, हेही सांगायला हवे. शेतकऱ्याच्या हाती ती दहा-बारा वर्षेच राहिली. दक्षिणेत अमेरिकन प्रशासनाने खंड एकतृतीयांशावर आणला आणि मार्च १९४८ पासून जपान्यांच्या मालकीची जमीन कुळांना विकली; बाकी जमीनसुधारणा १९५० मध्ये झाली आणि ती टिकली. तीच जर १९४६ मध्ये झाली असती तर दक्षिणेतले किती उठाव झालेच नसते, असा प्रश्न मला पडतो. विचारसरणी रिकाम्या जागी शिरते, आणि ती रिकामी जागा बहुतेक वेळा जमिनीची असते.

झाडीपट्टी

मी गडचिरोलीच्या बाजूचा आहे. एका विचारसरणीच्या नावाने आलेली बंदूक आणि तिला उत्तर म्हणून आलेली बंदूक यांच्यामध्ये खेडे कसे सापडते, हे आमच्याकडे कोणाला वाचून शिकावे लागत नाही. रात्री आलेल्यांना भाकरी दिली तर दिवसा चौकशी, आणि दिवसा आलेल्यांशी बोलले तर रात्री खबऱ्या ठरण्याची भीती. आमच्याकडे महासत्ता नव्हत्या, त्यामुळे तुलना फार ताणू नये. पण पूर्णामाय यांनी लिहिलेल्या याद्यांविषयी वाचले तेव्हा मला ते ओळखीचे वाटले.

मला अंगोलाविषयी थोडे सांगायचे आहे, कारण तिथे विचारसरणीचे दुसरे रूप दिसते. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी पोर्तुगीज गेले तेव्हा तीन संघटना आपापसांत लढत होत्या. एमपीएलएला सोव्हिएत शस्त्रे आणि क्यूबाचे सैन्य मिळाले. जोनास साविंबी यांच्या युनिटाला दक्षिण आफ्रिकेची आणि पुढे अमेरिकेची मदत मिळाली. हे साविंबी १९६० च्या दशकात चीनमध्ये प्रशिक्षण घेऊन आलेले होते आणि माओंची भाषा बोलत असत. १९८६ मध्ये तेच रेगन यांना भेटायला व्हाइट हाउसमध्ये गेले आणि स्वातंत्र्ययोद्धे म्हणून गौरवले गेले. काबिंडा प्रांतात अमेरिकन गल्फ ऑइल कंपनीच्या तेलक्षेत्राचे रक्षण क्यूबाचे सैनिक करत होते, कारण त्या तेलाच्या पैशावर मार्क्सवादी सरकार चालत होते. १९९१ मध्ये क्यूबाचे सैन्य गेले, सोव्हिएत संघ संपला, तरी युद्ध थांबले नाही. तेल सरकारकडे होते आणि हिरे साविंबींकडे. फेब्रुवारी २००२ मध्ये साविंबी मारले गेले, तेव्हा ते थांबले. बाहेरच्यांनी आपले नाव काढून घेतले, पण शस्त्र आणि वैर तिथेच राहिले.

पूर्णामाय

झाडीपट्टी दादा, हे फार मोलाचे लिहिलेत. वर्धाकाठ यांनी सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी शस्त्र तेवढे परत जात नाही, असे यावरून म्हणता येईल.

आता भारताविषयी कोणीतरी लिहावे, अशी विनंती आहे. मधल्या माणसाला मारतात हे व्यक्तींबाबत खरे असेल, तर मध्ये उभ्या राहणाऱ्या देशाचे काय होते?

वर्धाकाठ

ताई, आपला प्रश्न नेमका आहे आणि त्याचे उत्तर देण्याजोगी सामग्री भरपूर आहे.

सुरुवात १९४८ पासून होते. संयुक्त राष्ट्रांनी सर्व कोरियात निवडणूक घेण्यासाठी जो आयोग पाठवला, त्याचे अध्यक्षपद के. पी. एस. मेनन यांच्याकडे होते. सोव्हिएत बाजूने आयोगाला उत्तरेत पाऊल टाकू दिले नाही, त्यामुळे १० मे १९४८ ची निवडणूक फक्त दक्षिणेत झाली, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दोन सरकारे जन्माला आली. युद्ध सुरू झाल्यावर भारताने सुरक्षा परिषदेत उत्तरेच्या आक्रमणाच्या निषेधाला पाठिंबा दिला, पण लढाऊ सैन्य पाठवले नाही. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली ६० वे पॅराशूट फील्ड अँब्युलन्स पथक गेले आणि त्याने सैनिकांवर आणि नागरिकांवर उपचार केले.

सर्वांत बोधक प्रसंग ऑक्टोबर १९५० चा आहे. सप्टेंबरमध्ये इंचॉनला फौजा उतरवून मिळालेल्या यशानंतर दक्षिणेच्या बाजूने लढणाऱ्या फौजांचे अमेरिकन सेनापती मॅकआर्थर ३८ वे अक्षवृत्त ओलांडण्याच्या तयारीत होते. २ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी पेकिंगमधील भारतीय राजदूत का. मा. पणिक्कर यांना बोलावून घेतले आणि अमेरिकन सैन्याने रेषा ओलांडली तर चीन युद्धात उतरेल, असे सांगितले. निरोप दिल्लीमार्गे लंडनला आणि वॉशिंग्टनला पोहोचला. वॉशिंग्टनने तो पोकळ धमकी म्हणून बाजूला सारला, कारण पणिक्कर चीनकडे झुकलेले आहेत असे तिथे मानले जात होते. त्याच महिन्यात चिनी फौजा सरहद्दीवरची यालू नदी ओलांडून आल्या आणि जे युद्ध नाताळपर्यंत संपेल असे मॅकआर्थर सांगत होते, ते आणखी अडीच वर्षांहून अधिक काळ चालले. त्या काळातच दक्षिणेत आणि उत्तरेत सर्वाधिक गावे बेचिराख झाली. अमेरिकेने कोरियावर ६ लाख ३५ हजार टन बाँब टाकले, त्यांत ३२ हजार टनांहून अधिक नापाम, म्हणजे आग लावणारे ज्वालाग्राही रसायन, होते. खरी बातमी मधल्या माणसाने आणली, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. विचारसरणी डोळ्यांवर आली की निरोपाआधी निरोप्याची जात पाहिली जाते.

युद्धबंदीची बोलणी जुलै १९५१ मध्ये सुरू झाली आणि पुढे एका प्रश्नावर दीर्घकाळ अडली: मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या कैद्यांचे काय करायचे? दोन्ही बाजूंना प्रत्येक कैदी म्हणजे आपल्या विचारसरणीचे प्रमाणपत्र वाटत होता. छावण्यांमध्ये काटेरी कुंपणाच्या आत त्या कैद्यांचेच दोन तट होते आणि रात्री एकमेकांचे खून पडत. अखेर भारताने मांडलेल्या तोडग्याच्या आधारे मार्ग निघाला. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या झाले आणि कैद्यांच्या राखणीसाठी गेलेल्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल शं. पां. पा. थोरात होते, आपले कोल्हापूरकडचे. सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाय ठेवू देणार नाही असे जाहीर केले होते, म्हणून त्यांना इंचॉनच्या समुद्रातून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात नेण्यात आले. बावीस हजारांवर कैदी त्यांच्या ताब्यात होते. कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून ओलीस धरले, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि गोळीबार न करता त्याला सोडवून आणले. दोन्ही बाजूंनी भारतावर पक्षपाताचा आरोप केला. मध्ये उभ्या राहणाऱ्या देशाला शिव्या दोन्हीकडून मिळतात, हे पूर्णामाय यांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. परंतु युद्ध थांबण्याची अट त्याच देशाने पूर्ण केली, हेही तितकेच खरे आहे.

सातपुडा पायथा

त्या कैद्यांपैकी कोणी दोन्ही कोरिया आणि दोन्ही चीन (साम्यवादी चीन आणि तैवान) नाकारले का?

वर्धाकाठ

होय. ८८ जणांनी कोणत्याच बाजूला जायचे नाही असे ठरवले आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये ते भारतीय दलाबरोबर मद्रासला आले. त्यांतले बरेच पुढे ब्राझील आणि अर्जेंटिनात गेले, काही भारतातच राहिले. उलट बाजूने २१ अमेरिकन आणि एका ब्रिटिश कैद्याने घरी परतायला नकार दिला होता. २७ जुलै १९५३ रोजी झाला तो फक्त युद्धविराम होता. शांतता-करार आजतागायत झालेला नाही, आणि युद्धविरामाच्या कागदावर दक्षिण कोरियाची सही नाही. नवी रेषा ३८ व्या अक्षवृत्तावर राहिली नाही. आधी दक्षिणेत असलेले केसोंग आता उत्तरेत आहे आणि आधी उत्तरेत असलेले सोकचो आता दक्षिणेत. सोकचोत हामग्योंग प्रांतातून आलेल्या निर्वासितांची एक वस्ती आहे. लवकरच परत जायचे म्हणून ती माणसे सीमेजवळच्या त्या वाळूवर राहिली. ताटातूट झालेल्या कुटुंबांपैकी एक लाखाहून अधिक माणसांनी दक्षिणेत भेटीसाठी नावे नोंदवली. प्रत्यक्ष भेटींची शेवटची फेरी ऑगस्ट २०१८ मध्ये झाली.

अभ्यासमंडळात पुढचा विषय व्हिएतनाम घेतला आहे: जिनिव्हाचा १९५४ चा करार, १७ वे अक्षवृत्त आणि १९५६ मध्ये ठरलेली पण न झालेली निवडणूक. तिथल्या देखरेख आयोगात पोलंड आणि कॅनडा होते, आणि त्याचे अध्यक्षपदही भारताकडे होते. त्या आयोगाच्या कामाविषयी कोणी मराठीत काही वाचले असेल तर याच धाग्यावर लिहावे. दसऱ्यानंतर, कापूस वेचणीची धांदल सुरू होण्याआधी, आम्ही ते बैठकीत वाचू.